सुट्टीतला एक तास

सोमवार, १ सप्टेंबर

दीक्षाने आज शाळेतली एक कोरी वही माझ्यापुढे टाकली आणि म्हणाली, "मला रोज जे ऐकवतोस ते यात लिही. माझ्या कानांना थोडी सुट्टी मिळू दे." बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असली की टोमणासुद्धा वहीसकट मिळतो.

तर लिहितो. मी केतन भिवा जाधव, वय एक्केचाळीस, मुक्काम मांडवी, रत्नागिरी. बारा वर्षं मुंबईत एका शेअर दलालाच्या ऑफिसात फोनवर बसायचो. दीक्षा आणि सानवी इथे, मी तिकडे, महिन्यातून एकदा घरी. या मार्चमध्ये फोन उचलायला मशीन आलं आणि आम्ही चौदांपैकी अकरा जण घरी बसलो. गंमत अशी, की आता मला काम मिळालंय ते त्याच मशीनच्या भावकीला शिकवायचं.

पुण्यातल्या एका छोट्या कंपनीने शेअर बाजाराची माहिती देणारी सव्वीस टूल्स केली आहेत. एक आजचा भाव सांगतं, एक जुने भाव, एक लाभांश, एक बाजाराच्या सुट्ट्यांचं आणि वेळांचं कॅलेंडर. ती माणूस वापरणार नाही, एआय एजंट वापरणार. एजंट म्हणजे संगणकातला हरकाम्या. गिऱ्हाईक त्याला प्रश्न विचारतं, तो बरोबर ते टूल उघडतो आणि उत्तर आणून देतो. कुठलं टूल कशासाठी, कसं चालवायचं, त्यातून काय बाहेर येतं, हे प्रत्येक टूलच्या पानावर लिहून ठेवावं लागतं. ती पानं लिहिणारा मी, वाचणारा एजंट.

दिवाळीपर्यंत कच्चं काम. जमलं तर पक्कं, तेही घरून. नाही जमलं तर मुंबईत शिर्केसाहेबांकडे एक खुर्ची रिकामी आहे. ते माझे जुने साहेब, आता दुसऱ्या कंपनीत असतात. दीक्षाची शाळा इथे, म्हणजे गेलो तर पुन्हा एकटाच.

मला जायचं नाही. मार्चमध्ये मी बाडबिस्तरा घेऊन आलो तेव्हा सानवीने मला ताटलीत पेला ठेवून पाणी आणून दिलं आणि "किती दिवस आहात?" असं विचारलं. पोटची पोर, नऊ वर्षांची, आणि मला 'आहात'. आता कुठे ती मला 'तू' म्हणते आणि माझ्यावर ओरडते. एवढं कमावलेलं घालवायचं नाही.

गुरुवार, ४ सप्टेंबर

पाच पानं लिहिली. चांगली झाली होती. 'कृपया', 'आपल्या सोयीसाठी', 'आम्हाला खात्री आहे', सगळं जागच्या जागी. वाचून मलाच मी आवडलो.

कंपनीतल्या वेदिका मॅडम वयाने माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान आहेत आणि मला नुसतं 'केतन' म्हणतात. त्यांनी माझी पानं एजंटला दिली आणि पन्नास प्रश्न विचारले. एकतीस बरोबर आले. एका प्रश्नात कालचा भाव विचारला होता. काल म्हणजे त्या हिशेबात रविवार. टूलने शुक्रवारचा भाव काढून दिला आणि एजंटने तो खुशाल रविवारचा म्हणून सांगितला. रविवारी बाजार उघडा असता तर आम्ही फोनवाले वेडेच झालो असतो.

मॅडम म्हणाल्या, "केतन, तुमच्या पानांत 'नाही' हा शब्दच नाही. टूल काय करत नाही ते कुठे लिहिलंय?"

कुठेच नाही. बारा वर्षं आम्हाला हेच शिकवलं, की गिऱ्हाईकाच्या कानावर 'नाही' पडू द्यायचं नाही. 'नाही' वाटलं की 'आपण बघूया' म्हणायचं. जित्याची खोड, ती काय पाच पानांत जाणार?

मंगळवार, ९ सप्टेंबर

बाबांनी आज डोकं खाल्लं. आई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. चौतीस वर्षं परळच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. वर्षातून दोनदा गावी यायचे, सावर्ड्याच्या आत आमची वाडी आहे तिथे, एकदा चौदा एप्रिलच्या जयंतीला आणि एकदा भातकापणीला. ठरलेल्या दिवशी यायचे आणि ठरलेल्या दिवशी जायचे. मी त्यांना पाहुणेच समजायचो.

मी कामाला बसलो की त्यांची खुर्ची माझ्या मागे येते. "हे वाचनार कोण?" म्हणून विचारलं. समजावून सांगितलं.

"म्हंजे नवीन पोरगा," बाबा बोलले. "शिकलेला हाय, पन कामावर पयला दिवस."

"तसंच समजा."

"मग त्याला आदी सांग, मशीन कदी चालवायचं नाय. चालवायचं कसं ते तो शिकंल. बोटं आदी जातात."

मी म्हटलं, बाबा, इथे बोटं नाहीत. ते "बरं" म्हणाले आणि तिथेच बसून राहिले.

मग चहा घेता घेता मला एक सुचलं. प्रत्येक पानाच्या सुरुवातीलाच 'हे टूल कधी वापरू नये' असा भाग घालायचा. संध्याकाळपर्यंत पाचही पानं नव्याने लिहिली. पन्नासांत चव्वेचाळीस! मॅडमनी विचारलं, ही कल्पना कुठून आली? म्हटलं, अनुभव.

शनिवार, १३ सप्टेंबर

शिर्केसाहेबांचा फोन आला. खुर्ची दिवाळीपर्यंत धरून ठेवतो म्हणाले, त्यापुढे नाही. त्यांचा आवाज मोठा, त्यात मी ओटीवर उभा, त्यामुळे अख्ख्या आळीला कळलं असणार.

जेवण झाल्यावर बाबांनी माळ्यावरून माझी मोठी बॅग काढली आणि तिचं एक चाक खोलून ठेवलं. म्हणे करकरतं. सहा महिने बॅग जागची हललेली नाही, करकरलेलं यांनी ऐकलं कधी? पण हात रिकामे ठेवणं त्यांना जमत नाही. वर्तमानपत्रावर स्क्रू मांडून बसले होते.

बाबांना मी मुंबईला जावं असंच वाटतं, मला माहीत आहे. त्यांच्या लेखी घरी बसून केलेलं काम म्हणजे काम नव्हेच.

सोमवार, २२ सप्टेंबर

तेरा पानं झाली. 'नाही' लिहायची आता चटक लागली आहे. 'सुट्टीच्या दिवशी वापरू नये.' 'दोन कंपन्यांची तुलना यातून होत नाही.' 'हे टूल सल्ला देत नाही.' बारा वर्षांचे तुंबलेले नकार बाहेर पडताहेत. दीक्षा म्हणते हे घरातही सुरू झालंय. काल भाजी आणायला सांगितली तर मी आधी कुठली भाजी मिळणार नाही ते सांगितलं.

सानवीने माझी बाजू मांडली. म्हणाली, "आई, तो कामावर आहे ना." एवढं बरं वाटलं की भाजी आणायला धावत गेलो.

बॅग अजून तशीच पडली आहे. मी विचारलं तर बाबा बोलले, "बेरिंग मिळत नाय त्या मापाचं." रत्नागिरीत बॅगेच्या चाकाचं बेरिंग मिळत नाही? राहू दे, मला कुठे जायचंय?

बुधवार, ८ ऑक्टोबर

एकवीस पानं. पन्नासांत सेहेचाळीस. मॅडम आज पहिल्यांदा 'छान' म्हणाल्या. पाठोपाठ एक कोडंही घातलं. पानावर एक लिहिलेलं असेल आणि टूल दुसरंच दाखवत असेल तर एजंट काय करतो? तर तो गप्प बसून दोन्हींतलं एक उचलतो, कधी हे तर कधी ते. आणि आपल्याला काही कळत नाही.

मी फोन ठेवला. बाबा उंबऱ्यावर बसून नारळ सोलत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, ते ऐकतातच.

"आमच्याकडं प्रेसवर पाटी असायची," ते बोलले. "एवडाच दाब द्यायचा म्हनून लिवलेलं. आनि बाजूला काटा. येक दिवस पाटीवर येक नि काट्यावर दुसरंच. पोरगा पाटी बघून दाब देत ऱ्हायला. वाचला, पन थोडक्यात. तवापास्नं मी नवीन पोरांना सांगायचो, काटा धरायचा. आनि पाटी लिवनाऱ्याला जाऊन सांगायचं, तुजी पाटी चुकली. गप ऱ्हायचं नाय. कितीबी मोटा सायब असूदे."

मी म्हटलं, बाबा, कारखाना वेगळा आणि हे वेगळं. त्यांनी दुसरा नारळ घेतला.

नंतर बराच वेळ विचार करून मी सगळ्या पानांवर एक ओळ घातली: 'या पानावरची माहिती आणि टूलने आज दिलेली माहिती यांत फरक आढळल्यास टूल धरावे, आणि पान चुकल्याचे लेखकाला त्वरित कळवावे.' कळवायचं कुठे, तर संगणकातल्या माझ्या निरोपांच्या पेटीत. तसं माझ्या मनात काहीतरी घोळत होतंच.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

लाज गेली.

एकवीस तारखेला लक्ष्मीपूजन. त्या दिवशी गिऱ्हाईक आमचा एजंट दिवसभर चालवून बघणार आहे. राजकोटची एक दलाली पेढी आहे, तिथेच त्यांच्या ऑफिसात बसून बघतील आणि मग घ्यायचं की नाही ठरवतील. लक्ष्मीपूजनाला बाजाराला सुट्टी असते, पण मधे एक तास बाजार उघडतो. तो मुहूर्ताचा तास. पेढ्यांवर पूजा होते, शेठ शकुन म्हणून चार शेअर घेतात, मग पेढे. दिवस मुद्दाम तोच निवडला, परीक्षा अवघड व्हावी म्हणून.

आज रंगीत तालीम होती. एजंटला विचारलं, "मुहूर्ताला अमक्या शेअरचा भाव काय?" तो म्हणाला, "आज सुट्टी आहे. सुट्टीच्या दिवशी हे टूल वापरू नये." वीसच्या वीस वेळा हेच उत्तर. माझंच वाक्य माझ्याच तोंडावर.

आणि मुहूर्त विसरणारा कोण, तर मी! आमच्या घरी लक्ष्मीपूजन नाही, आम्ही बौद्ध. पण ऑफिसात बारा वर्षं त्या तासाला फोन माझ्याच हातात असायचा आणि पेढ्यांचा खोकाही मीच फिरवायचो. तो तास मला पाठ आहे.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "दुरुस्त करा. बाकीचं डेमोनंतर बोलू," एवढंच म्हणाल्या. असं 'नंतर बोलू' मी लोकांना फोनवर कित्येकदा ऐकवलंय. त्याचा अर्थ मला कुणी शिकवायला नको.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

मुहूर्ताचं पान लिहिलं. 'लक्ष्मीपूजनाच्या दिवशी संध्याकाळी एक तास विशेष सत्र असते. त्या तासात हे टूल वापरावे.' बाबांनी मागून विचारलं, "यंदाचा कागद आलाय का त्याचा?" मी म्हटलं, बाबा, हे मला झोपेत विचारा, दरवर्षी संध्याकाळीच असतं. गेल्या वर्षीची आकडेवारी घालून पुन्हा तालीम केली. वीसपैकी वीस. मॅडमनी डेमोची बैठक संध्याकाळी पाचला ठेवली.

पण त्यांचा आवाज कोरडाच होता. शिर्केसाहेबांनाही चोवीस तारखेच्या आत उत्तर हवंय. दुपारी मी दीक्षाला सांगितलं, बहुतेक जावं लागणार. ती वह्या तपासत होती. लाल पेन थांबलं आणि मग पुन्हा चालायला लागलं. "बघू," म्हणाली. सानवी शेजारच्या घरी रांगोळी काढायला गेली होती. तिला सांगितलं नाही.

बाबांना म्हटलं, बॅग लागेल, चाकाचं काय ते बघा. ते उठले. शर्टाच्या खिशातून बेरिंग काढलं, चाक बसवलं, बॅग दोनदा ओटीवर फिरवली आणि माझ्यासमोर उभी केली. दहा मिनिटं लागली. महिनाभर रखडवलेलं काम दहा मिनिटांत! आणि त्यानंतर जेवले नाहीत, पोट बरं नाही म्हणाले. वय झालंय त्यांचं.

आज वहीत लपवायचं काही नाही. मला भीती वाटते. सानवी पुन्हा ताटलीतून पाणी आणेल, याची भीती वाटते.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

दिवस संपायच्या आत लिहून काढतो.

बैठक पाचला, म्हणून सकाळी लॅपटॉप उघडलाच नाही. साडेबाराला मिरकरवाड्यात मासळी आणायला गेलो. आज पूजेमुळे गिऱ्हाईक कमी, मासळी ताजी आणि बायका गप्पांच्या मूडमध्ये. चांगले लठ्ठ बांगडे घेतले. पिशवी स्कूटरला अडकवली आणि फोन वाजला. शिर्केसाहेबांचा मेसेज: 'शुभ दीपावली. यंदा मुहूर्त पावणेदोनला. दुपारी पेढे खायची वेळ आली, केतन!'

मी तिथेच बर्फाच्या पाण्यात उभा राहिलो. पावणेदोन, दुपारचे. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं.

मग बाजाराचं परिपत्रक उघडून बघितलं. महिन्यापूर्वीचं. यंदाचं सत्र दुपारी पावणेदोन ते पावणेतीन, स्वच्छ लिहिलेलं. आणि माझ्या पानावर संध्याकाळ. मला पाठ होतं ना! पाठ होतं म्हणून बघितलं नाही. कालचा आलेला पोरगा असता तर त्याने आधी परिपत्रक उघडलं असतं.

डोळ्यांपुढे सगळं दिसायला लागलं. राजकोटचे शेठ पूजेला बसलेत, लोक विचारताहेत, आणि माझा एजंट सांगतोय, 'बाजार संध्याकाळी उघडेल.' एकच तास. तो गेला की वर्षभर नाही. मॅडमना फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. स्कूटर कशी आणली ते मला विचारू नका.

घरी पोचलो तेव्हा एक अडतीस झाले होते. बाबा ओटीवर होते. चपलांसकट आत गेलो आणि लॅपटॉप उघडला. पान दुरुस्त करायला म्हणून गेलो तर माझ्या पेटीत एक चिठ्ठी दिसली. सकाळी आठ वाजून दोन मिनिटांची, एजंटकडून:

'कॅलेंडर टूलनुसार आजचे विशेष सत्र दुपारी १:४५ ते २:४५. या पानावर संध्याकाळ असे लिहिले आहे. पानावरील सूचनेप्रमाणे टूल धरले आहे. पान चुकले आहे, दुरुस्त करावे.'

दोनदा वाचलं. मग एजंटची नोंदवही उघडली. सकाळपासून त्याने एकशे बारा लोकांना वेळ सांगितली होती आणि प्रत्येकाला पावणेदोनच सांगितली होती. माझ्यासमोर पावणेदोन झाले, बाजार उघडला आणि भाव यायला लागले, एकामागून एक, सगळे बरोबर.

जीव भांड्यात पडला. मी खाली जमिनीवरच बसलो. हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. बाबा दारात आले.

"काय झालं?"

"पाटी चुकली, बाबा. माझी."

"मग?"

"त्याने काटा धरला."

"आनि लिवनाऱ्याला सांगितलं?"

"सकाळी आठलाच सांगितलं. लिहिणारा बांगडे आणायला गेला होता."

बाबा इतके हसले की त्यांना खांब धरावा लागला. त्यांना असं हसताना मी लहानपणी बघितलेलं नाही, आणि मोठेपणीही कधी बघितल्याचं आठवत नाही. मग त्यांनी खाली पडलेली पिशवी उचलली आणि बांगडे धुवायला घेऊन गेले.

आता खरं लिहायचं ते लिहितो. पान दुरुस्त करायला दोन मिनिटं लागली. त्यानंतर पेटीतली चिठ्ठी माझ्यासमोर होती. ती पेटी फक्त माझी. पुसून टाकली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. एजंट बरोबर चालला, गिऱ्हाईक खूश, पान बरोबर, गंगेत घोडं न्हालं. बोट त्या बटणावर नेलंही होतं.

पण मला तो प्रेसवरचा पोरगा आठवला. आणि नुसतं तेवढंच नाही. बारा वर्षांत मी फोनवर 'चूक आमची आहे' हे एकदाही म्हटलेलं नाही, म्हणू दिलेलं नाही. एकदा म्हणून बघावं असं वाटलं.

अडीचला मॅडमचा फोन लागला. मी सगळं सांगितलं. पाठांतरावर लिहिलं, परिपत्रक बघितलं नाही, एजंटने सकाळी कळवलं होतं, मी पेटी उघडली नाही. "चूक माझी आहे, मॅडम."

"बरं," त्या म्हणाल्या. "ती चिठ्ठी मला पाठवा." आणि फोन ठेवला.

पाचची बैठक झालीच नाही, राजकोटवाले पूजेत होते. बांगडे मात्र फक्कड झाले होते. काहीही होवो, आज मला हलकं वाटतंय. नोकरी गेली तरी ती माझ्या हाताने गेली, पाठीमागून नाही.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

सकाळी साडेदहाला मॅडमचा फोन आला. मी उभाच राहिलो.

"केतन, मी ती चिठ्ठी राजकोटला पाठवली."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ते म्हणाले, भाव सांगणारे सगळेच येतात. लिहिणाऱ्याची चूक लिहिणाऱ्याला सांगणारा आम्ही पहिल्यांदा बघितला. ते घेताहेत. आणि तुम्ही एक तारखेपासून पक्के." मग आवाज बदलला. "पण यापुढे तारीख आणि वेळ पानावर लिहायची नाही. कॅलेंडरलाच विचारायला लावायचं. आणि सुट्टीच्या दिवशीही पेटी उघडायची."

"हो मॅडम."

"ती टूल धरायची ओळ तुम्हाला कशी सुचली? सगळ्या सव्वीस पानांवर ठेवतोय आपण."

पुन्हा एकदा 'अनुभव' असं ओठांवर आलं होतं. म्हटलं, "माझ्या वडिलांची आहे. ते फिटर होते. आणि 'कधी वापरू नये' तेही त्यांचंच." वेदिका मॅडम हसल्या. म्हणाल्या, "मग मुलाखत त्यांची घ्यायला हवी होती."

शिर्केसाहेबांना कळवलं. ते म्हणाले, बरं झालं, माणूस बघून ठेवलाय. त्या खुर्चीपायी मी दोन महिने झोप घालवली, आणि तिला भरायला दुसरा माणूस तयारच होता.

दीक्षाला सांगितलं तर ती माझा हात धरून बसली. भाऊबीजेला तिचा भाऊ यायचा होता, तो आला तरी तिने हात सोडला नाही, मलाच लाज वाटली.

बाबांना सांगितलं तेव्हा ते परसात होते.

"म्हंजे जात नायस?"

"नाही."

"मुंबईला?"

"नाही, बाबा."

"कायमचा नाय?"

"कायमचा नाही."

ते चुलीच्या लाकडांवर बसले. "तुजी आये हवी होती," बोलले. मग म्हणाले, "मी चौतीस वर्सं वाडीतनं निघालो ना, कदी मागं वळून बघितलं नाय. तू नि तुजी आये फाटकात उबी असायचा, म्हाईत होतं मला. बघितलं असतं तर गेलोच नसतो."

मला वाटायचं, बाबांना जायची घाई असते. सगळ्या वाडीला तसंच वाटायचं. आई तर म्हणायची, 'दगड हाय तुजा बाप.' मी त्यांच्या शेजारी बसलो. मग त्यांना बेरिंग कुठल्या दुकानात मिळालं ते विचारलं. "होतंच खिशात," ते म्हणाले आणि उठून गेले. विसरले असतील.

सोमवार, ३ नोव्हेंबर

शाळा आज सुरू झाली. घर सकाळपासून शांत होतं, चोविसावं आणि पंचविसावं पान झालं. शेवटचं लाभांशाचं आहे, किचकट आहे.

संध्याकाळी सानवी आली ती दारातूनच बोलत. नवीन बाई, कुणाची तरी डब्यावरून मारामारी, कुणीतरी पडलं आणि दात पडला. मी लाभांशाच्या तारखेच्या वाक्यात अडकलो होतो. दिवाळीआधी तिचा शब्दन्‌शब्द मी कान देऊन ऐकायचो, उद्या ऐकायला मिळेल न मिळेल म्हणून. आज 'हं, हं' करत राहिलो. तिने विचारलं, "मी काय म्हटलं, सांग!" म्हटलं, "लाभांश." ती पाय आपटत ओटीवर बाबांकडे गेली, "आजोबा, हा माझं ऐकतच नाही."

आतून मला बाबांचा आवाज ऐकू आला.

"असूदे गं. उद्या सांग त्याला. उद्याबी हितंच हाय तो."